एपिड्युरल घेणार असाल तर बाळंतपणानंतरच्या त्या डोकेदुखीचं आधीच बघून ठेवा

माझ्या दुसऱ्या डिलिव्हरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घ्यायला म्हणून उठून बसले आणि मानेपासून कपाळापर्यंत असं काही ठणकलं की बाळ तसंच आईच्या हातात दिलं आणि आडवी झाले, आणि गंमत म्हणजे आडवी झाल्यावर पाचेक मिनिटांत सगळं गायब. परत उठले, परत तेच. सासूबाई म्हणाल्या कान उघडे ठेवलेस, वारं शिरलं डोक्यात, आणि घट्ट स्कार्फ बांधला. आई म्हणाली जागरणाचं आहे गं, होतंच. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी आणली, का ते त्यालाच माहीत. दोन दिवस आम्ही घरातली सगळी मोठी माणसं भलत्याच गोष्टीवर उपाय करत बसलो आणि भानगड होती पाठीतल्या एका बारीक भोकाची.

मी डॉक्टर नाही, नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. पण तेव्हापासून ऑफिसमधल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या जी कोणी प्रेग्नंट असते ती एपिड्युरलचं, म्हणजे कळा कमी व्हायला पाठीतून देतात त्या भुलीचं, विचारायला माझ्याकडे येते, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय, मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं अशा क्रमाने. आणि घाबरवायला लिहीत नाहीये हां, एपिड्युरलने मला कळांमधून जो आराम मिळाला तो मी विसरलेली नाही, परत वेळ आली तर परत घेईन.

आधी हे होतं काय ते समजून घ्या

मेंदू आणि मणक्यातली नस एका पाण्यात तरंगत असते आणि त्या पाण्याभोवती एक पिशवी असते, तिला ड्युरा म्हणतात. एपिड्युरलची सुई या पिशवीच्या बाहेरच थांबवायची असते, तिथे एक बारीक नळी सोडतात आणि त्यातून औषध देत राहतात. आता ती जागा काही मिलिमीटरची, डॉक्टर ती डोळ्याने बघत नाहीत तर हाताला लागणाऱ्या दाबावरून ओळखतात, त्यामुळे चांगल्या हातूनही साधारण शंभरात एखादीच्या बाबतीत सुई थोडी पुढे जाते आणि पिशवीला भोक पडतं. एपिड्युरलची सुई १६ ते १८ नंबरची असते, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यामुळे भोकही तसंच मोठं. असं झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना डोकेदुखी होते.

पाणी एकूण असतं किती, तर दीडशे मिली, कपभर चहाएवढं. ते भोकातून झिरपायला लागलं की उभं राहिल्यावर मेंदूला खालून मिळणारा आधार कमी होतो, मेंदूच्या आवरणांवर ताण येतो, रक्तवाहिन्या फुगतात, आणि डोकं धरतं. आडवं झालं की ओढ संपते. शरीर हे पाणी दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवीन तयार करत असतं आणि भोकही हळूहळू बुजतं म्हणून बहुतेकींचं एक-दोन आठवड्यात आपोआप बरं होतं. पण तान्हं बाळ मांडीवर असताना दोन आठवडे म्हणजे काय हे मी सांगायला नको.

ज्याने ही पाठीतली भूल शोधली त्या जर्मनीच्या ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून घेतला आणि नंतर नऊ दिवस अंथरुणात काढले, याच डोकेदुखीने. म्हणजे दुखणं भुलीइतकंच जुनं आहे, तुमच्या नशिबात काही वेगळं लिहिलेलं नाही.

सिझरला जी देतात ती स्पायनल. तिथे पिशवीत मुद्दामच सुई घालतात, पण ती २५ किंवा २७ नंबरची, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे डोकेदुखीची शक्यता खूप कमी. नंबर वाढला की सुई बारीक, हे तारेच्या गेजसारखं उलटं आहे, माझा नवरा यावर अर्धा तास वाद घालत होता.

सातव्या-आठव्या महिन्यात करायचं काम: भूलतज्ज्ञांना भेटा

आपण गायनॅकला नऊ महिने भेटतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना थेट टेबलावर. नाशिकमध्ये बऱ्याच मॅटर्निटी होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात, ते कॉलेज रोडवरून एक केस करून येतात आणि पुढच्या केसला पंचवटीत पळतात, मग नंतर डोकं दुखायला लागलं की नेमका कोणाला फोन करायचा हेच कळत नाही. म्हणून ३४-३६ आठवड्यांच्या व्हिजिटला गायनॅकला सरळ विचारा की एपिड्युरल कोण देतं, रात्रीचं कोण असतं, आणि त्यांना एकदा भेटता येईल का. बहुतेक डॉक्टर दहा मिनिटं देतात. मी पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं, मला वाटलं असं विचारणं आगाऊपणा दिसेल.

भेटल्यावर स्वतःबद्दल हे सगळं सांगून टाका, ते विचारोत न विचारोत. मायग्रेन आहे का, आधी कधी स्पायनलनंतर डोकं धरलं होतं का (असेल तर परत व्हायची शक्यता जास्त असते), मणक्याचं ऑपरेशन किंवा पाठीला बाक आहे का, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत का, प्लेटलेट कमी आहेत का. शेवटच्या दोन गोष्टींवर तर एपिड्युरल देता येईल की नाही तेच ठरतं, त्यामुळे त्या फाइलमध्ये आहेतच म्हणून गप्प बसू नका.

मग प्रश्न. मी आता मैत्रिणींना चार सांगते. सिझर झालंच तर स्पायनलला पेन्सिल पॉइंट सुई वापराल का? ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. साधी सुई टोकाला धारदार असते, ती पिशवीचे धागे कापत जाते, पेन्सिल पॉइंटचं टोक बंद असतं आणि भोक बाजूला, ती धागे बाजूला सारत आत जाते, साडीला पिन टोचणं आणि ब्लेड मारणं यात जो फरक तोच. ती थोडी महाग पडते आणि सगळीकडे ठेवलेली नसते, म्हणून आधी सांगितलं तर मागवून ठेवतात. दुसरा प्रश्न, एपिड्युरलची जागा शोधताना सिरिंजमध्ये सलाइन वापरता की हवा, आजकाल सलाइनलाच पसंती आहे. तिसरा, पाठ अवघड असेल तर सोनोग्राफीने आधी जागा बघता का. आणि चौथा, सुई पुढे गेलीच तर तुमच्याकडे ब्लड पॅच (आपलंच रक्त घालून ते भोक बुजवणं) होतो का, नसेल तर कुठे पाठवता. हे विचारल्यावर डॉक्टर चिडले तर तीही एक माहितीच झाली ना.

लेबर रूममध्ये: तुमच्या हातात काय आहे

खरं सांगायचं तर फार थोडं, बाकी सगळं सुई धरणाऱ्याच्या हातात. पण जे थोडं आहे ते नीट करा. टेबलाच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर, उशी पोटाशी, हनुवटी छातीला लावायची, खांदे सैल सोडायचे आणि कंबर मागे बाहेर काढायची, चिडलेल्या मांजरीसारखी पाठ. नव्याण्णव टक्के बायका उलटं करतात, सुईपासून दूर जायला पाठ आत घेतात, मीही घेतली होती. घरी आरशासमोर दोन-चार वेळा बसून बघा, हसू नका, उपयोग होतो.

कळ येत असेल तर तोंडाने सांगा, "डॉक्टर थांबा, कळ येतेय." ते थांबतात. सुई आत असताना हलणं हीच भीतीची गोष्ट, आणि कळ आल्यावर न हलणं कोणाला जमतं? म्हणून सांगणं महत्त्वाचं, सहन करून दाखवण्यात काही नाही. सिस्टर नाहीतर मावशी समोर उभं राहून खांदे धरतील, त्यांना धरू द्या. आणि शक्यतो कळा सहन होईनाशा होईपर्यंत वाट बघत बसू नका, एपिड्युरल हवं असेल तर आधीच सांगा, शांत बसता येतंय तोवर टाकून घेतलं तर डॉक्टरांनाही सोपं जातं.

सुई पुढे गेली तर

माझ्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "जरा पाणी आलंय, वरच्या गॅपमध्ये टाकतो." गॅप म्हणजे दोन मणक्यांमधली फट. मी म्हटलं बरं. त्याचा अर्थ काय हे मला कोणी सांगितलं नाही, डिस्चार्ज कार्डावर एक शब्द नव्हता, आणि पुढचे दोन दिवस त्यातच गेले. त्यामुळे पाणी आलं, ड्युरा लागली, वेट टॅप असं काहीही कानावर पडलं तर बरोबर असलेल्या माणसाला ते मोबाइलवर लिहून ठेवायला सांगा, वेळेसकट. नंतर डॉक्टरांना म्हणा की हे डिस्चार्ज कार्डात लिहा. ते एकतर दुसऱ्या जागी परत टाकतात किंवा नळी आतच ठेवून खूप कमी डोस देतात, दोन्हीने कळांचा आराम मिळतो, तो त्यांचा निर्णय. घरी जायच्या आधी भूलतज्ज्ञांचा नंबर घ्या. रिसेप्शनचा नाही, त्यांचा.

घरी आल्यावर: उशी न घेण्याचं काय

आपल्याकडे जवळपास प्रत्येक वॉर्डात सांगतात, चोवीस तास उशी नको, सपाट झोपायचं, मान उचलायची नाही. याने डोकेदुखी टळत नाही, हे आता बऱ्याच अभ्यासांतून स्पष्ट झालंय. दुखायला लागल्यावर आडवं झालं की बरं वाटतं हे खरं, पण आधीपासून पडून राहिल्याने भोक लवकर बुजत नाही, उलट बाळंतपणानंतर रक्त गोठायची प्रवृत्ती जास्त असते तेव्हा नुसतं पडून राहणं चांगलं नाही. पायांत भुलीचा जोर संपला आणि सिस्टरने हो म्हटलं की उठा, चाला. तसंच बाटल्याच्या बाटल्या पाणी पिऊन किंवा जास्तीचं सलाइन लावूनही ते टळत नाही.

पण म्हणून पाणी तोडू नका! हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. अजूनही कित्येक घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटतं म्हणून. नाशिकच्या एप्रिल-मे मध्ये, शेगडी आणि धुरी चालू असलेल्या बंद खोलीत, दूध पाजणाऱ्या बाईला पाणी कमी? बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होणं हा जो घाण प्रकार आहे त्याला शरीरातलं पाणी कमी होणं हातभार लावतं. तहान लागेल तेवढं पाणी प्या, सासूबाईंना राग येऊ दे. अळीव, डिंकाचे लाडू, शेक, मालिश सगळं चालू द्या, त्याचा या दुखण्याशी संबंध नाही. कान बांधल्यानेही काही बिघडत नाही, फक्त त्याने हे बरं होणार नाही.

ओळखायचं कसं

एकच परीक्षा: सपाट झोपा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग उठून बसा. झोपल्यावर उतरतं, बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर काही मिनिटांत चढतं, तर संशय पक्का. बहुतेक वेळा डिलिव्हरीनंतरच्या तीन दिवसांत सुरू होतं, पाच दिवसांच्या आत जवळजवळ सगळ्यांचंच. कपाळ, डोक्याची मागची बाजू, मान आखडणं, मळमळ, उजेड सहन न होणं. मला कानात घूं आवाज यायचा आणि सगळे जण विहिरीतून बोलतायत असं वाटायचं, तेही यातलंच. एकाचे दोन दिसायला लागले तर त्याच दिवशी फोन करा.

आणि बघा ना, हे नेमकं घरी आल्यावर सुरू होतं, पाचवीची गडबड, बघायला येणारी माणसं, बाळंतविडा घेऊन आलेल्या आत्या, आणि बाळंतीण आडवीच पडलेली, मग "आजकालच्या मुलींना काही सहनच होत नाही" हे ऐकायचं. ज्या निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून नाशिकला डिलिव्हरीला येतात आणि तिसऱ्या दिवशी माहेरी जातात त्यांचं तर अजून अवघड, कारण दवाखाना लांब राहतो. परत यावंच लागलं तर गाडीच्या मागच्या सीटवर आडवं होऊन या, बसून येऊ नका, खड्ड्यागणिक मेंदू हलल्यासारखं होतं.

तोवर घरी

फोन पहिल्याच दिवशी करा, गोळ्यांनी बघू म्हणत थांबू नका. पॅरासिटॅमॉल ५०० च्या दोन गोळ्या दर सहा तासांनी, चोवीस तासांत आठच्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटॅमॉल असतं ते मोजायला विसरू नका. वजन पन्नासच्या आत असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच. जोडीला आयब्युप्रोफेन देतात, दूध पाजताना दोन्ही चालतात, पण बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. कॉफीने काही तास बरं वाटतं, पण दूध पाजत असाल तर दिवसाला दोन, फार तर तीन कप, नाहीतर बाळ रात्रभर टक्क जागं.

दूध आडवं पडूनच पाजा. कुशीवर व्हायचं, बाळ तुमच्याकडे तोंड करून, त्याचं पोट तुमच्या पोटाला, आणि पाजून झालं की कोणीतरी त्याला उचलून पाळण्यात ठेवायचं, ग्लानीत तुम्हीच झोपून जाल. हे काम नवऱ्याला द्या. ढेकरही त्यालाच काढू दे. डब्बा, पाण्याची बाटली, डायपर, चार्जर सगळं गादीच्या उंचीवर हाताशी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथल्याने दुखणं वाढतं.

ब्लड पॅच

गोळ्यांनी भागत नसेल, उठून बाळाचं करता येत नसेल, तर हा उपाय. दंडातून किंवा हातातून तुमचंच १५-२० मिली रक्त काढतात आणि पाठीत त्या भोकाच्या जवळ, पिशवीच्या बाहेर, हळूहळू सोडतात. ते तिथे गोठतं आणि ठिगळ बसतं, पंक्चर काढल्यासारखं. पाठीत दाब वाटतो, जास्त वाटला की सांगायचं, ते थांबतात. मग तास-दोन तास आडवं पडून राहायचं. निम्म्याहून जास्त जणींना चांगला फरक पडतो, काहींना दुसऱ्यांदा करावा लागतो. डोकेदुखी सुरू होऊन दोन दिवस व्हायच्या आत केला तर फसायची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर कधीकधी थोडं थांबतात, ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. ताप किंवा इन्फेक्शन असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर करत नाहीत.

परत पाठीत सुई म्हटल्यावर मी रडले होते. सहाव्या दिवशी केला. संध्याकाळी उठून बसले आणि स्वतःच्या हाताने चहा घेतला, बसून, खिडकीपाशी. पाठ पुढचे तीन-चार दिवस दुखली, ते होतंच. काही दिवस वाकायचं नाही, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. ताप आला, पायातली ताकद गेली, लघवी-संडासचा ताबा गेला किंवा पाठ भयंकर दुखायला लागली तर लगेच हॉस्पिटल.

जेव्हा हे ते दुखणं नसतं

पाठीत सुई घेतली होती म्हणून प्रत्येक डोकेदुखी तिच्यावर ढकलू नका. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी वाढू शकतं, आधी कधी नव्हतं तरी. घरी बीपीचं मशिन असेल तर मोजा, १४०/९० च्या वर असेल तर डॉक्टरांना फोन, १६०/११० असेल तर फोनवर बोलत बसू नका, निघा. झोपूनही न थांबणारी डोकेदुखी, झटका येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसायला कमी होणं, डोळ्यांसमोर चमकणं, ताप आणि ताठ मान, ग्लानी, किंवा आधी झोपल्यावर थांबणारं डोकं आता कसंही दुखायला लागणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी किंवा एमआरआय आहे अशाच हॉस्पिटलला जा, छोट्या दवाखान्यात अर्धा तास घालवू नका. सरकारीत जायचं तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. तिथे पहिलं वाक्य हेच बोला, "डिलिव्हरीला इतके दिवस झालेत, पाठीत सुई घेतली होती," कारण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला बघून ते कळत नाही.

बरं झाल्यावरही एकदा, दीड महिन्याच्या चेकअपला, भूलतज्ज्ञांकडून एक कागद लिहून घ्या, कुठल्या गॅपमध्ये काय झालं, पॅच कधी केला, किती रक्त घातलं. मी तो लॅमिनेट करून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवलाय आणि फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्येही आहे, कारण पुढे अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी भूल देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, आधी कधी काही त्रास झाला होता का.